डाव्या कानाची दिवाळी

माझ्या डाव्या हाताला बसणाऱ्या माणसाला मी फार आवडतो. तो बोलत असतो, मी मान डोलावतो, बरोबर जागी हसतो, मधूनच 'अरेरे' म्हणतो. तुमच्यासारखा ऐकून घेणारा माणूस मिळत नाही, असं तीन-चार जणांनी मला सांगितलंय. डाव्या बाजूने सांगितलं असेल तर आणखीही असतील. त्या कानाला काहीही ऐकू येत नाही. लोकांना हे कळलं की त्यांचे चेहरे असे पडतात की मला ताबडतोब गोष्ट सांगायची लहर येते. मग मी खुर्ची मागे सारतो, धोतराचा सोगा खोचल्याचा अभिनय करतो आणि तळ्यात उडी मारतो. बायका तोंडाला पदर लावून हसतात. एवढी वर्षं सांगतोय, अजून पडलेली नाही ही गोष्ट.

फक्त एक सांगायचं मी गाळतो. ज्या दिवसांची ही गोष्ट आहे त्या दिवसांत मला स्वतःला काहीही वाटत नव्हतं. हसूही येत नव्हतं आणि रडूही.

पन्नासचं दशक होतं. चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत. मी चांद्याच्या एका शाळेत चित्रकला आणि कवायत शिकवायचो. चित्रकला मला येत नव्हती आणि कवायत मुलांना येत होती, त्यामुळे निभावून जायचं. वडील लाकडाच्या डेपोत कारकून होते. जन्मभर सागाच्या ओंडक्यांवर नंबर टाकले, पण ओंडके जिथून येतात ते जंगल साहेबाच्या टोपीत हिंडायचं राहून गेलं. ती टोपी माझ्या डोक्यावर बघायची त्यांची फार इच्छा होती. मी जंगल खात्याला अर्ज केला, परीक्षा दिली, मुलाखत झाली, आणि निवडीचं पत्र आलं तेव्हा वडिलांना जाऊन दोन महिने झाले होते. श्रावणात गेले. तापाने. चार दिवसांत.

मी रडलो नाही. लोक म्हणाले, पोरगा धीराचा आहे. धीरबीर काही नव्हता. दात उपटण्याआधी हिरडीत औषध टोचतात ना, मग आपलाच ओठ दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा लागतो, तसं अंगभर झालं होतं. जेवायचो, शाळेत जायचो, फळ्यावर आंबा काढायचो.

पत्रात लिहिलं होतं की दिवाळीनंतर सरकारी डॉक्टर तपासणी करतील. डोळे, कान, छाती, नाडी. त्यात पास झालो की टोपी माझी.

दिवाळीच्या सुट्टीत मला माझ्या मोठ्या बहिणीने बोलावून घेतलं. थोरल्या बहिणीला आम्ही बाई म्हणतो. बाईचं सासर सिंदेवाहीपुढे होतं. अरुंद रुळांच्या छोट्या आगगाडीने सिंदेवाहीला उतरायचं आणि तिथून बैलबंडीत दोन तास. बंडीतून उतरतो न उतरतो तोच तिने माझी जीभ बघितली.

"डाक्टरपुढं उभा राहीपर्यंत तू माह्या ताब्यात," ती म्हणाली. "बाबांची एकच इच्छा होती. ते तापाने गेले. तुले मी शिंकूही देनार नाई."

आणि नाही दिलं. रोज संध्याकाळी हिवतापावरची कोयनेलची कडू गोळी. सूर्य मावळला की मच्छरदाणीच्या आत, जेवणाचं ताटसुद्धा आत. पाणी उकळून गाळलेलं. त्याच वर्षी डीडीटी फवारणारे गावात येऊन गेले होते, तरी हिने कोपऱ्यात कडुनिंबाचा धूर धरला होता. त्यामुळे डास कमी झाले की नाही कोण जाणे, भाऊजी मात्र ओसरीवर राहायला गेले. आणि कानात लसणीचं कोमट तेल, वर कापसाचे बोळे. "कानातूनच वारं शिरते," हे तिचं ठाम मत. त्या बोळ्यांसकट मी गावातून चालायला लागलो की म्हशीसुद्धा थांबून बघायच्या.

तिच्या घरामागे तळ्याची पाळ होती. पाळीपलीकडे पाणीच पाणी. काठाला ढिवरांची वस्ती, म्हणजे तळ्यात जाळी टाकणाऱ्यांची. तिथला एक पन्नाशीचा काळा, कोरडा, काटकुळा माणूस मला पहिल्या दिवशी दिसला तो पाण्यातून वर येताना. बुडाला होता केव्हा ते मी पाहिलंच नव्हतं. जाळं तळाशी कशात तरी अडकलं होतं ते सोडवून, हातात ते धरून, तो असा वर आला जणू खालच्या खोलीत राहतो. गाव त्याला भाऊ म्हणायचं. मीही तेच म्हणायला लागलो.

भाऊचा उजवा कान गेलेला होता. त्याची बायको भांडायला लागली की मुद्दाम त्याच्या उजवीकडे उभी राहून मनसोक्त शिव्या द्यायची आणि भाऊ शांतपणे जाळं विणत म्हणायचा, "बोलून घे. तिकडं कोनी राहतच नाई."

मला पाण्यात बुडी मारायला शिकव, असं मी त्याच्या मागे लागलो. का लागलो? आज मी सांगतो की साहसाची आवड होती. खरं कारण हे की एकदा डोकं पाण्याखाली गेलं आणि वरचं सगळं बंद झालं. बाई, पत्र, डेपो, श्रावण. वर जसं काही वाटत नव्हतं तसंच खालीही वाटत नव्हतं, पण खाली ते बरोबर होतं. तिथे कुणालाच काही वाटत नाही.

सकाळी बाई धान पाहायला शेतावर गेली की मी बोळे काढून पाळीवरच्या मोहाच्या ढोलीत ठेवायचो आणि उतरायचो. परतताना बोळे पुन्हा कानात.

भाऊचेही आरोग्याचे नियम होते आणि ते बाईपेक्षा कडक निघाले. भरल्या पोटी उतरायचं नाही, पेज पिऊन दोन घटका जाऊ द्यायच्या. जळू चिकटली तर ओढायची नाही, तंबाखूचं पाणी लावायचं. बाहेर आलं की उन्हात डोकं कलतं करून बसायचं, एक बाजू निथळली की दुसरी. कानात तेल तर नाहीच. "वल्ल्या कानात तेल घातलं की पानी आत कोंडते, मंग कान सडते," तो म्हणायचा. आणि बोळा घालून पाण्यात उतरणं म्हणजे त्याच्या लेखी निव्वळ येडेपणा.

पण सगळ्यांत मोठा नियम होता तो काठावरचा. पाण्यात पाय घालण्याआधी नाक चिमटीत धरायचं, तोंड मिटायचं आणि आतून हवा कानाकडे ढकलायची. कानात बारीक टक् होतं. मग खाली जाताना हातभर हातभर गेलं की पुन्हा तेच. भाऊ माझ्यासमोर उकिडवा बसून विचारायचा,

"बोलला का कान?"

"बोलला."

"दोनी?"

"दोन्ही."

"नाई बोलला तर घरी जायाचं. तळं कुठी पळून नाई जात." आणि मग एकदा म्हणाला, "बाकी सारं मले वरून दिसते, मास्तर. पोट दिसते, ताप दिसते, भेव दिसते. कान नाई दिसत. ते तुमीच खरं सांगाचं."

त्याचा उजवा कान असाच गेला होता. सर्दी असताना उतरला होता, कान गप्प होता, तरी उतरला.

दहा-बारा दिवसांत मी एक पुरुष, म्हणजे माणसाच्या उंचीएवढं, खोल जायला लागलो, मग दोन. तब्येत उत्तम. बाई कौतुकाने म्हणायची, "पाह्य, लसणीच्या तेलानं कसा तजेला आला."

मला सर्दी झाली ती तळ्याने नाही, दिवाळीने. नरकचतुर्दशीला बाईने पहाटे अंधारात उठवून, तेल-उटणं चोळून, अंगणात वाऱ्यात बसवून मला न्हाऊ घातलं. वर्षाचा सण आहे, त्याला वारं लागत नाही. दुपारपर्यंत माझं नाक वाहायला लागलं. भाऊचंही. अर्धं गाव शिंकत होतं.

आणि दोनच दिवसांनी पाणी सोडायचा दिवस होता.

हे नीट सांगायला हवं. तळ्यातलं पाणी शेतात सोडायला पाळीच्या पोटात दगडी बांधणीचा मार्ग असतो, त्याला तिकडे तुडूम म्हणतात. त्याला वर-खाली भोकं आणि प्रत्येक भोकात लाकडी खुंटा ठोकलेला. आमच्या त्या तळ्याची वरची भोकं केव्हाच फुटली होती म्हणून चुन्याने बुजवलेली. उरलं होतं ते तळचं एक, अडीच पुरुष खोल. बुडी मारणाऱ्याने जाऊन खुंट्याच्या डोक्यात दोराचा फास अडकवायचा, वर यायचं, मग पाळीवरच्यांनी दोर ओढायचा. तुम्ही म्हणाल, दोर कायमचाच बांधून का ठेवत नाहीत? पूर्वी ठेवायचे. मग कुणीतरी गुपचूप ओढून आपल्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, पाणी घ्यायचं आणि सकाळी डोकी फुटायची. तेव्हा गावाने ठरवलं, दोर नको. माणूस खाली जाईल तेव्हाच पाणी सुटेल, म्हणजे ते सगळ्यांना दिसेल. तो माणूस भाऊ. तेवढं खोल जाणारा दुसरा कुणी उरला नव्हता.

सकाळी सगळं गाव पाळीवर. भारी, म्हणजे उशिरा पिकणारं, धान निसवलं होतं, दाणा भरायचा होता, खालच्या बांध्यांत भेगा पडल्या होत्या. भाऊजींची बांधी सगळ्यांत शेवटची. बाईही आली होती, माझ्यासाठी मफलर घेऊन.

भाऊ काठावर उकिडवा बसला. नाक धरलं. ढकललं. पुन्हा ढकललं. त्याला एकच कान होता आणि तो बोलत नव्हता.

त्याची बायको या वेळी त्याच्या डावीकडे येऊन उभी राहिली. शिव्या दिल्या नाहीत. एवढंच म्हणाली, "उतरू नोको जी."

"चार दिस थांबू," कुणीतरी म्हणालं.

"चार दिसांनी काय पानी देतं, तनसाले?" दुसरा म्हणाला. तोवर धानाचा नुसता पेंढा उरला असता.

भाऊने कमरेला दोर बांधायला घेतला. मी पाहिलं, त्याची बोटं गाठ मारत होती आणि तो पाळीवरच्या एकेकाचं बोलणं ऐकत होता. मान वळवून वळवून, नुसतं ऐकत होता.

तेव्हा मी पुढे झालो आणि मोठ्याने, शाळेच्या मैदानावरच्या आवाजात म्हणालो, "मी जातो."

इथे माझे श्रोते नेहमी टाळ्या वाजवतात आणि मी वाजवू देतो. भाऊचा कान वाचवायला गेलो असं त्यांना वाटतं. थोडंफार तसं असेलही. पण पाळ उंच होती, माणसं ओळीने उभी होती, खाली मी एकटा, मागे पाणी. असं थिएटर मला पुन्हा मिळालं नाही. सदरा काढताना मी तो उगाच गोल फिरवून फेकला.

बाई ओरडली, "अरे, तुले पवता कुठी येते!" मग माझे दंड आणि उन्हाने रापलेली पाठ बघून तिला सगळं एकदम कळलं. "डाक्टर! अरे, डाक्टर आठ दिसांवर आला!"

भाऊने मला थांबवलं. समोर उकिडवा बसला. "नाक धरा."

धरलं. ढकललं. उजवा कान टक् झाला. डावा मातीच्या ढेकळासारखा. पुन्हा. काही नाही.

"बोलला का?"

"बोलला."

"दोनी?"

वर दोनशे डोळे होते. "दोन्ही," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि कमरेचा दोर सोडून माझ्या कमरेला बांधला.

पहिल्या पुरुषाला डाव्या कानावर कुणीतरी अंगठा टेकवला. दुसऱ्याला तो अंगठा आत शिरायला लागला. तिथून वर यायला हवं होतं. मी फास हातात धरून दगड चाचपत खाली गेलो, खुंट्याचं डोकं हाताला लागलं, आणि त्याच वेळी कानात काहीतरी अलगद सुटलं. दुखायचं एकदम थांबलं. डोक्यात गार पाणी आलं आणि तळं फिरायला लागलं. वर कुठे, खाली कुठे, काही कळेना. भीती वाटायला हवी होती. मी विचार करत होतो की खुंटा जागेवरच आहे, फिरतंय ते बाकीचं, तेव्हा खुंटा सोडायचा नाही. फास अडकवला. कमरेच्या दोराला हिसका दिला. त्यांनी मला वर ओढलं.

वर गावाने जल्लोष केला. तो मला फक्त उजवीकडून आला. मी उभा राहून दोन्ही हातांनी नमस्कार केला, झोकांडी गेली, तीही लोकांना नमस्काराचाच भाग वाटली. मग फासाचा दोर ओढला गेला, पाळीपलीकडे शेतांत पाणी धावलं, आणि माझे सगळे प्रेक्षक त्या पाण्यामागे पळत सुटले. पाळ रिकामी झाली. राहिलो मी, बाई आणि भाऊ.

भाऊने माझ्या गालावरून बोट फिरवून पाहिलं. रक्ताची बारीक रेघ होती.

"खोटं बोलले तुमी."

"हो."

"काऊन?"

"लोक बघत होते," मी म्हणालो.

तो रागावला नाही. माझ्या शेजारी बसला आणि गुडघ्यावर बोट पुसलं. बाई मफलर घेऊन तशीच उभी होती. तिने तो माझ्या कानाला गुंडाळला.

पुढचे आठ दिवस माझ्या कानावर दोघांचं युद्ध चाललं. भाऊ सांगून जायचा, कोरडा ठेवा, उन्हात बसवा, तेल घालू नोका. तो वळला की बाई तेल घालायची. तिला दुसरं काही येत नव्हतं आणि मी नको म्हणालो नाही. कान वाहायला लागला.

चांद्याला डॉक्टरांसमोर उभा राहिलो त्या सकाळी वाहणं थांबलं होतं. बाहेरून कापसाने स्वच्छ पुसून गेलो होतो. डोळे चांगले निघाले, छाती, नाडी झकास. बाईच्या कोयनेलचा आणि भाऊच्या पेजेचा विजय. मग कान. डॉक्टर सहा पावलं मागे गेले. मी पाठ करून उभं राहायचं, एका कानात बोट घालायचं, ते कुजबुजतील तो शब्द म्हणायचा. उजवा कान फडाफडा पास झाला.

डाव्याच्या वेळी मी पुढे पाहिलं तर औषधांचं काचेचं कपाट. त्यात डॉक्टर अख्खे दिसत होते. ओठ हलले: पपई. मी म्हणालो, "पपई." ओठ हलले: मामा. "मामा." वडिलांची टोपी मला अगदी जवळ दिसत होती. ओठ हलले. "बाभूळ," मी थोडा विचार केल्यासारखं करून म्हणालो. उगाच संशय नको.

डॉक्टर समोर आले. बुटके, म्हातारे, हसऱ्या डोळ्यांचे.

"बाभूळच होतं," ते म्हणाले. "पण तिन्ही वेळा मी आवाज काढलाच नव्हता."

मी कपाटाकडे पाहिलं.

"ती काच मी रोज सकाळी पुसून घेतो," ते म्हणाले. मग आरसा लावून कानात पाहिलं आणि हसणं बंद केलं. "पाण्यात?"

"पाण्यात."

त्यांनी लिहिलं. लिहिताना टाकाचा आवाज उजव्या कानाला स्पष्ट आला.

त्याच संध्याकाळी शाळेतल्या मास्तरांना मी ही गोष्ट पहिल्यांदा सांगितली. कपाट, पपई, मामा, बाभूळ. ते हसून हसून बाकावर आडवे झाले. मी त्यांच्याकडे बघत होतो आणि मला कळत होतं की गोष्ट चांगली जमतेय.

उन्हाळ्याच्या सुट्टीत पुन्हा बाईकडे गेलो. भाऊ पाळीवर जाळं विणत बसला होता. त्याचा उजवा कान गेलेला, माझा डावा, म्हणून मी त्याच्या डावीकडे बसलो. मग आमचे चांगले कान एकमेकांकडे आणि अगदी हळू बोललेलंही ऐकू यायचं. मी त्याला डॉक्टर सांगितला. त्याला ती काच फार आवडली. "पुसून ठेवते!" असं तो दोनदा म्हणाला.

तळं निम्मं आटलं होतं, तुडुमाचे दगड उघडे पडले होते. मग मी उठलो आणि त्याच्या उजवीकडे जाऊन बसलो. त्याने जाळ्यातून वर पाहिलं, मी कुठल्या बाजूला आलोय ते पाहिलं, आणि पुन्हा विणायला लागला.

मी वडिलांबद्दल सांगायला सुरुवात केली. हळू आवाजात. श्रावणातले चार दिवस, ओंडक्यांवरचे नंबर, टोपी, पत्र उशिरा आलं ते. सांगता सांगता आवाज कुठे कुठे अडकला. भाऊ तळ्याकडे बघत विणत होता आणि बरोबर जागी मान डोलावत होता.